खडकीत कुणाची नावं वाचायची? एका स्मरण कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या एनसीसी तुकडीने आणि इतिहास विभागाने मिळून नोव्हेंबरात खडकीच्या युद्ध दफनभूमीत एक छोटा स्मरण कार्यक्रम करायचं ठरवलं. ठरवताना कुणालाच ते फार अवघड वाटलं नव्हतं. पत्र पाठवायचं, बस ठरवायची, पुष्पचक्र आणायचं, दोन मिनिटं उभं राहायचं आणि परत यायचं. पण एका साध्या प्रश्नावर गाडी अडली आणि कार्यक्रमाचा सगळा आराखडाच बदलावा लागला. मी आखणीच्या समितीत होते. पुढे असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहिते आहे. महाविद्यालयाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी जागा समजून घेऊ. होळकर पुलाजवळ, मुळा रस्त्यावर, नदीच्या अंगाला ही दफनभूमी आहे. तिची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन करतं. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांनी आत पाऊल टाकलेलं नसतं. 'ती गोऱ्यांची स्मशानभूमी' एवढीच माहिती. आत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत. हे सगळे पुण्यातच मेले असं नाही. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या, कायमची निगा राखणं जमणार नाही अशा कबरी एकत्र आणायच्या म्हणून ही जागा केली. त्याच आवारात 1914 ते 1918 चं वेगळं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या आणि आज भारत-पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत पुरलेल्या 1,800 हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. त्यातले 629 मुंबईच्या शिवडीतले. त्यांचे अवशेष जून 1962 मध्ये इथे आणून पुन्हा पुरले.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 1939 ते 1945 दरम्यान भारतात, प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्राबाहेर मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या 193 सैनिकांचं स्मारकही इथेच आहे. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढायला आफ्रिकेतून अख्ख्या डिव्हिजन आणल्या होत्या, 81 आणि 82 नंबरच्या पश्चिम आफ्रिकी आणि 11 नंबरची पूर्व आफ्रिकी. नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), केनिया, न्यासालँड (आजचा मलावी) अशा मुलखांतली ही पोरं होती.

आता तो प्रश्न. पहिल्याच बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो विचारला, आणि आवाज न चढवता विचारला. "5 नोव्हेंबर 1817 ला खडकीचीच लढाई झाली. बापू गोखल्यांची फौज मागे हटली आणि बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आणि आपण नोव्हेंबरातच मुलांना घेऊन त्याच खडकीत इंग्रजांच्या थडग्यांपुढे उभे राहणार. का?" कुणीतरी म्हणालं की सर, हे पेशवाईतले नाहीत, महायुद्धातले आहेत. ते म्हणाले, "मग महायुद्धाचंच बोलू. 1942 ते 44 मध्ये नगर रस्त्यावर आगाखान पॅलेसमध्ये कोण कैदेत होतं? महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबा तिथेच गेल्या. त्यांना कैदेत ठेवणाऱ्या सरकारच्या शिपायांना आपण मानवंदना द्यायची आणि मुलांना काय सांगायचं?"

हा आक्षेप मला आजही योग्य वाटतो. असल्या आक्षेपाला 'मेलेल्यांचं वैर नसतं' असं म्हणून बाजूला सारायची आपल्याकडे पद्धत आहे. ते वाक्य गोड असलं तरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. मुलं एनसीसीच्या गणवेशात जाणार होती, म्हणजे प्रश्न खाजगी भावनेचा उरत नव्हता. त्यातून तुकडीतल्या एका मुलीने भर घातली. तिचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत. गाव साताऱ्याकडचं. तिने विचारलं, "मॅडम, पणजोबांचं नाव तिथे असेल ना?"

तिथे नव्हतं. असणं शक्यही नव्हतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. कमिशन 1917 साली स्थापन झालं तेव्हापासूनचं त्याचं तत्त्व असं की प्रत्येक मृताचं नाव शिळेवर किंवा स्मारकावर कोरलं जावं, आणि हुद्दा, वंश, धर्म यावरून भेद करू नये. म्हणून शिपाई आणि कर्नल यांच्या शिळा एकाच मापाच्या. पण हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची कबर नाही. त्यांची नावं स्मारकांवर गेली, आणि स्मारकं उभारली ती युद्ध जिथे झालं तिथे. फ्रान्समध्ये लढलेल्यांचं न्यव्ह शापेलला. इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात गेलेल्यांचं बसऱ्याला. दुसऱ्या महायुद्धात लढाईच्या क्षेत्राबाहेर मेलेल्या आणि आपापल्या धर्माप्रमाणे अंत्यविधी झालेल्या 25,000 हून अधिक भारतीयांची नोंद दिल्ली आणि कराचीच्या स्मारकांत. म्हणजे पुण्याच्या आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतून जे मराठे, महार, मुसलमान, न्हावी, धनगर पलटणीत गेले, त्यांच्यासाठी पुण्यातली ही दफनभूमी जवळजवळ परकी आहे. ते आहेत ते हजारो किलोमीटर लांब.

आणि लांब म्हणजे नावासकट, असंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 हून अधिक जणांचं स्मरण आहे; पण ते उभारलं तेव्हा साध्या भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे किती मेले तो आकडा. भेदाभेद करणार नाही म्हणणाऱ्या कमिशननेच एप्रिल 2021 मध्ये अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या 45,000 ते 54,000 मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही, आणि किमान 1,16,000, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावं नोंदलीच गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. यात बहुसंख्य भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन, सोमाली. ते बसऱ्याचं स्मारकसुद्धा मूळ जागी नाही. 1997 साली इराकी सरकारने ते हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, जुन्या रणभूमीत नेऊन ठेवलं.

पुण्याचा आणि त्या स्मारकाचा संबंध फार जवळचा आहे. मेसोपोटेमियात गेलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पूना डिव्हिजन. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ती कुत अल अमारात अडकली. 7 डिसेंबर 1915 ला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. आत 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. सुमारे 13,000 माणसं तुर्कांच्या हाती लागली आणि त्यांना वाळवंटातून चालवत आनातोलियाकडे नेलं. त्यातले कितीतरी वाटेत आणि रेल्वेच्या कामावर मेले. पुण्याचं नाव घेऊन गेलेल्या फौजेचा हा शेवट. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला किती ओळी मिळतात, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

दुसऱ्या बैठकीत म्हणून दोन टोकं पडली. एक म्हणे, मग खडकीला जायचंच कशाला, आपली माणसं तिथे नाहीतच. दुसरं म्हणे, वाद नको, जाऊ, हार घालू, येऊ, पेपरात फोटो येईल. मला दोन्हीत एकच खोट दिसत होती. दोघांनीही आतली नावं वाचलेली नव्हती. कुणाचं स्मरण करायचं हे ठरवण्याआधी तिथे कोण आहे आणि कोण नाही ते नीट पाहू, एवढाच ठराव शेवटी झाला. कार्यक्रमाची पत्रिका बाजूला ठेवली आणि नावांच्या यादीपासून सुरुवात केली.

यादीचं काम मुलांनी केलं. कमिशनच्या नोंदी संगणकावर कुणालाही शोधता येतात. त्यात हुद्दा, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारकाचं नाव आणि पुष्कळदा भारतीय शिपायांच्या बाबतीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. ऐकायला सोपं, पण बसल्यावर कळतं. तेव्हाच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं. जाधव हवे असतील तर जादव, जाडव, जाधो असं सगळं घालून पाहायचं. शिंद्यांचं सिंदे, चव्हाणांचं चवान. आडनाव नसेल तर नुसतं 'राम' आणि बापाचं नाव. रायगड जिल्हा शोधाल तर हाती काही लागणार नाही, कुलाबा हे जिल्ह्याचं जुनं नाव घालावं लागतं. मुलांनी फळ्यावर एका बाजूला आपल्या गावांची नावं आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे संभाव्य अवतार असा तक्ताच केला होता. त्या मुलीच्या पणजोबांची नोंद सापडली, मराठा पलटणीत, बसऱ्याच्या स्मारकाखाली. बापाचं नाव जुळलं, गावाचं नाव जवळपास जुळलं, तारीख घरच्यांना ठाऊकच नव्हती. घरी फक्त 'बगदादला गेले' एवढंच पिढ्यांनी सांगितलेलं. तिचे आजोबा फोनवर तारीख दोनदा विचारून घेत होते, लिहून काढत होते. पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी पान वाढायचं म्हणाले.

सगळ्यांचंच असं जुळलं नाही. एका मुलाच्या खापरपणजोबांशी जुळणाऱ्या तीन नोंदी निघाल्या, तिन्ही एकाच जिल्ह्यातल्या. घरच्यांना वाटत होतं त्यातली वीरमरणाची तारीख असलेली घ्यावी. आम्ही एकही घेतली नाही. हे कठोर वाटेल, पण यादीत चुकीचं नाव गेलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी माणसाला आपण आपलं म्हणतो. त्याच्या नावाऐवजी फक्त पलटण आणि जिल्हा वाचला.

खडकीच्या आतली यादी करताना मुलं कबरींमधून वही घेऊन फिरली. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वेळ तोच. शिळेवर वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि काही शिळांवर तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. वयं वाचताना मुलं गप्प झाली असं काहीतरी मी लिहावं अशी अपेक्षा असेल. तसं झालं नाही. उलट ती मोठमोठ्याने वयं सांगू लागली. "हा आपल्या टीवायचा." "हा माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान." ज्येष्ठ सहकारीही आले होते. ते हात मागे बांधून एका रांगेच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "ही कारकुनाची आणि गिरणीकामगाराची पोरं असणार. पण माझा प्रश्न तसाच आहे." तसाच होता, खरंच.

आफ्रिकी सैनिकांच्या नावांपाशी वेगळीच अडचण. ती उच्चारायची कशी? अंदाजाने वाचणं म्हणजे कारकुनाने आपल्या लोकांशी जे केलं तेच आपण करणं. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या एका विद्यार्थ्याला आम्ही गाठलं. त्याला या स्मारकाची कल्पना नव्हती. त्याने नावं वाचली, काहींवर थांबून सांगितलं की हे किनाऱ्याकडचं वाटतं, हे आतल्या मुलखातलं, पश्चिमेकडची मला नीट येणार नाहीत, त्यासाठी माझा एक मित्र आहे. मित्रालाही घेऊन आला. दोघांनी आमच्या मुलांकडून नावं घोकून घेतली. एका मुलाला एक अक्षर नाकातून काढणं जमेना, तर ते त्याला जिन्यात उभं करून म्हणवून घेत होते. कार्यक्रमात ती नावं कोण वाचणार हा प्रश्न मग उरलाच नाही. अर्धी त्यांनी वाचायची, अर्धी आमच्या मुलांनी.

आता आक्षेपाकडे परत. यादी झाल्यावर त्या सहकाऱ्यांशी समितीची सविस्तर बोलणी झाली आणि काही गोष्टी लेखी ठरल्या. कुठलंही परकी निशाण नाही, परकी राष्ट्रगीत नाही. कार्यक्रम कुठल्याही साम्राज्याच्या गौरवाचा नाही, हे सुरुवातीच्या निवेदनात दोन वाक्यांत सांगायचं, आणि त्याच निवेदनात 1817, आगाखान पॅलेस आणि कुत ही तिन्ही नावं येतील. 'देशासाठी प्राणार्पण केले' हे वाक्य वगळायचं, कारण यातल्या बहुतेकांना कुठल्या देशासाठी आपण मरतो आहोत हे विचारलंच गेलं नव्हतं. भरतीला जाण्याची कारणं पगार, दुष्काळ, भाऊबंदकी, घरची फौजी परंपरा, कुणाची हौस अशी अनेक असतात. सूत्रसंचालनाचा पहिला मसुदा एका उत्साही विद्यार्थ्याने लिहून आणला होता. त्यात चार चारोळ्या, एक 'रक्ताचं सिंचन' आणि एक 'इतिहासाची सोनेरी पानं' होती. सगळं कापलं. पोरगा हिरमुसला. त्याला नावं वाचण्याच्या गटात घेतलं तेव्हा खुलला.

चारोळ्यांपेक्षा चिवट निघालं ते शाल-श्रीफळ. व्यवस्थापनाचा आग्रह होता की प्रमुख पाहुणे हवेत, त्यांचा सत्कार हवा. पुण्यात सत्काराशिवाय कार्यक्रम म्हणजे वरणाशिवाय भात, हे मला मान्य आहे. पण कबरींमध्ये उभं राहून जिवंत माणसाला नारळ द्यायचा हे कुणालाच नीट समजावून सांगता येईना. तडजोड अशी झाली की पाहुणे नाहीत, मंच नाही, फलक नाही. ज्यांना मानाने बोलवायचं ते माजी सैनिक पहिल्या रांगेत उभे राहतील आणि पुष्पचक्र वाहणाऱ्यांत त्यांच्यातला सगळ्यात वयोवृद्ध असेल. त्या मंडळींतले एक सुभेदार साहेब तालमीला रोज येत. गावाकडे सगळे त्यांना 'मेजर' म्हणत, इथे मुलांनीही तेच सुरू केलं. त्यांनी एक गोष्ट ठणकावून सांगितली, "सगळ्यांना इथे कोंबू नका."

ते असं. काही पालकांची इच्छा होती की 1962, 65, 71 आणि कारगिलच्या जवानांची नावंही खडकीतच वाचावीत. भावना बरोबर होती, पण साहेबांचं म्हणणं त्याहून पटणारं होतं. त्यांच्यासाठी पुण्यात जागा आहे. दक्षिण कमांडचं युद्धस्मारक, जे 15 ऑगस्ट 1998 ला खुलं झालं आणि जे लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. तिथे 16 डिसेंबरला विजय दिवसाला आणि 26 जुलैला कारगिल दिवसाला लष्कराकडून पुष्पचक्र वाहिलं जातं. तिथे रांगेत उभं राहायला मुलांना घेऊन जा, इथे दोन्ही महायुद्धांपुरतंच ठेवा. मान्य केलं. एकाच कार्यक्रमात सगळ्या युद्धांची मोट बांधली की कुठल्याच नावाला वेळ मिळत नाही.

फुलांवरून एक छोटा, पण शिकवणारा प्रसंग. युद्धातल्या मृतांच्या स्मरणासाठी ब्रिटनमध्ये लावतात ती कागदी लाल पॉपी नको, ती तिकडची, असं मुलांचं म्हणणं. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने कमिशनबरोबर केलेल्या 'इंडिया रिमेम्बर्स' उपक्रमात भारतीय स्मरणफूल म्हणून झेंडू पुढे आला आहे, हे आम्हाला माहीत होतं. झेंडू तर आपलाच. दिवाळी उलटली की मार्केट यार्डात तो ढिगाने आणि मातीमोल मिळतो. मुलांनी क्रेटच आणले आणि तालमीच्या दिवशी प्रत्येक शिळेच्या माथ्यावर एकेक फूल ठेवायला सुरुवात केली. तिथल्या माळीकाकांनी हात जोडून थांबवलं. रात्रीच्या दवाने फूल भिजलं की त्याचा पिवळा रंग पांढऱ्या दगडावर उतरतो आणि डाग घासायला मग तेच असतात. फुलं शिळेपुढच्या गवतावर ठेवा, आणि संध्याकाळी तुम्हीच उचला, असं त्यांनी सांगितलं. हार, हळदकुंकू, उदबत्त्या यांचाही प्रश्न तिथेच निकालात निघाला. एक-दोन आजी चपला बाहेर काढून आल्या, त्यांना कुणी अडवलं नाही. गणवेशातल्यांनी बूट घातलेले, तेही ठीक.

लास्ट पोस्टची, म्हणजे मृत सैनिकांसाठी बिगुलावर वाजवतात ती धून मोबाइलवरून छोट्या स्पीकरवर वाजवायचं ठरलं होतं. तालमीत धून अर्ध्यावर असताना त्याच मोबाइलवर कुरिअरवाल्याचा फोन आला आणि रिंगटोन सगळ्या आवारात वाजली. मेजर इतके हसले की मुलांचा धीर सुटला. मग त्यांनीच खडकी बाजारात राहणारा एक निवृत्त बँडवाला शोधून काढला. त्याच्याकडे बिगुल होता. ओठ आता पूर्वीसारखे बसत नाहीत म्हणाला, वरचा एक सूर थोडा फाटला, कुणालाही खटकलं नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम एका शनिवारी सकाळी झाला. दूतावासांचे आणि लष्कराचे अधिकृत कार्यक्रम असतात त्या दिवसांपासून मुद्दाम बाजूला ठेवला होता, आणि कमिशनला आधी रीतसर कळवलं होतं. क्रम असा होता: निवेदन, नावं, लास्ट पोस्ट, दोन मिनिटं मौन, जागवणारी धून, पुष्पचक्र, फुलं. शस्त्रं नव्हतीच, त्यामुळे सलामी शस्त्र, शोक शस्त्र हे हुकूमही नव्हते. नुसतं सावधान. टोपी घातलेल्यांनी सॅल्यूट केला, बाकीचे उभे राहिले. निवेदन अडीच मिनिटांचं. नावांना मात्र वेळ दिला, कारण सगळा खटाटोप त्यासाठी होता.

नावं चार गटांत वाचली: खडकीतल्या कबरींतली काही, 1914-18 च्या स्मारकावरची काही, आफ्रिकी सैनिकांची, आणि मग खडकीत नसलेल्या आपल्या माणसांची. चौथ्या गटाच्या आधी एकच वाक्य होतं, की यापुढची नावं इथे कोरलेली नाहीत, ती कुठे आहेत ते प्रत्येक नावाबरोबर सांगितलं जाईल. मग नाव, पलटण, गाव, स्मारक. बसरा. बसरा. न्यव्ह शापेल. दिल्ली. या गटात नायक यशवंत घाडगे होते. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. 10 जुलै 1944 ला इटलीत वरच्या टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले, तेव्हा एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच गोळी लागून पडले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. कबर नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर. तिकडे मोंतोने गावाने 2023 मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपल्या तुकडीतल्या रायगडच्या मुलाने नाव वाचलं. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याला वेगळा वेळ द्यावा का यावर आधी चर्चा झाली होती. मेजरनी नको म्हटलं, सगळ्यांना सारखाच. तेवढाच दिला.

कसं झालं हे मोजायचं तर काही गोष्टी उघड चांगल्या झाल्या. मुलांना आपण कुणापुढे उभे आहोत हे माहीत होतं. पालकांपैकी काहींनी घरी जाऊन ट्रंका उघडल्या, दोन पदकं आणि एक पेन्शनचं पुस्तक बाहेर आलं. माझ्या मते सगळ्यात मोठं फळ म्हणजे गावाकडच्या पाट्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, 'या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यापैकी इतके परत आले नाहीत' अशी संगमरवरी पाटी असते. आकडा असतो, नावं नसतात. बसऱ्यासारखंच. मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावच्या पाट्यांचे फोटो आणले होते आणि आता कमिशनच्या नोंदींतून त्या आकड्यांमागची नावं लावण्याचं काम चालू आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. ते गाव आपलं स्मारक राखून आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करायचं चाललं आहे.

काही गोष्टी जमल्या नाहीत. मुसलमान सैनिकांच्या घरच्यांपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. यादीत नावं होती, पण त्या गावांतला कुणी आमच्या तुकडीत नव्हता आणि वेळ संपला. नर्सेस, खेचरवाले, हमाल, भिस्ती यांच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी आहेत, तिथे कुणी हात घातला नाही. आणि ज्येष्ठ सहकारी आले नाहीत. निवेदनातली 1817 आणि आगाखान पॅलेसची वाक्यं त्यांनीच लिहून दिली होती, तारखा तपासून दिल्या होत्या, पण त्या सकाळी ते घरी थांबले. त्यांना मी कारण विचारलं नाही. आक्षेप घेऊनही काम करणारा माणूस समितीत असणं फार मोलाचं असतं.

पुढच्या वर्षीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. एक गट म्हणतो खडकीलाच जावं, आता कुठे मुलांना जागा कळली आहे आणि ते दोन आफ्रिकी विद्यार्थीही येणार आहेत. दुसरा म्हणतो चौथ्या गटातली नावं अपशिंग्याला जाऊन वाचावीत, गावकऱ्यांबरोबर. दोन्ही करायचं तर दोन बस लागतील. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय बसभाड्याचा आहे, आणि दुसरा, खापरपणजोबांशी जुळणाऱ्या त्या तीन नोंदींबद्दल कमिशनला पाठवायच्या पत्राचा मसुदा.